पॅरागॉन्सची सुरुवातीची रॉकस्टेडी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमैकाच्या पॅरागॉन्सबद्दल वाचक पुन्हापुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॅरागॉन्स म्हणजे नेमके कोण?

किंग्स्टनमधले तीन गायक : जॉन होल्ट, टायरोन इव्हान्स आणि हॉवर्ड बॅरेट. हा वाद्यवृंद नव्हे, हे तिघं फक्त गात. वाजवणारे वेगळे (प्रश्न ७). ज्या गाण्यांमुळे हे नाव टिकलं ती साधारण १९६६ ते १९६८मधली, ड्यूक रीड या निर्मात्याच्या ट्रेझर आयल स्टुडिओत झालेली.

मुळात संच चौघांचा होता. सुरुवातीला त्यात इव्हान्स, बॉब अँडी, ज्युनियर मेन्झ आणि लेरॉय स्टॅम्प होते. १९६४मध्ये स्टॅम्पच्या जागी होल्ट आला, मेन्झच्या जागी बॅरेट. पुढे बॉब अँडी बाहेर पडला आणि तिघंच उरले. होल्टचा जन्म १९४७चा. लहानपणापासून तो व्हीअर जॉन्स यांच्या गाण्याच्या स्पर्धांत उतरत होता आणि सोळाव्या वर्षी त्याची पहिली रेकॉर्ड निघाली होती. त्यामुळे विशीच्या आत असला तरी रीडकडे तो नवखा म्हणून गेला नाही, आणि हे त्याच्या आवाजात कळतं. कुठेही जोर लावून दाखवायची घाई नाही.

२. रॉकस्टेडी म्हणजे रेगेच ना?

नाही, रेगेच्या लगेच आधीचा टप्पा. जमैकात १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्का होतं : वेगवान, भोंगावाद्यांनी भरलेलं, नाचून घाम काढणारं. १९६६मध्ये वेग उतरला, भोंगे मागे सरले, बास आणि गायक पुढे आले. ते रॉकस्टेडी. १९६८ संपेपर्यंत ऑर्गनचा खेळकर ठेका आणि गिटारची दुहेरी खरड आली, वेग पुन्हा थोडा चढला आणि रेगे सुरू झालं. म्हणजे सगळा कारभार जेमतेम दोन-अडीच वर्षांचा. इतक्या छोट्या काळात इतकी टिकाऊ गाणी झाल्याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

३. ऐकताना रॉकस्टेडी ओळखायचं कसं?

चार मात्रा मोजा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटार किंवा पियानोचा तुटक ‘चक्’ येतो. ड्रमचा मुख्य ठोका तिसरीवर, तिथेच कडेवरची काठीही पडते. पहिल्या मात्रेवर ड्रमर हात राखून असतो. केरव्यावर वाढलेल्या कानाला इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपण समेवर वजन शोधतो आणि सम रिकामी सापडते. दोन-तीन गाणी ऐकली की कान बसतो.

दुसरी खूण बासची. स्कामध्ये बास सरळ पावलं टाकत चालत राहतो. रॉकस्टेडीत तो चार-सहा स्वरांचं एक वाक्य म्हणतो, थांबतो, पुन्हा तेच म्हणतो. गाण्याला जणू दोन चाली असतात, एक गायकाची आणि एक बासची. पुढे जे काही घडलं (प्रश्न ११, १२) त्याचं मूळ या थांबण्यात आहे.

४. स्काचा वेग एकाएकी कमी का झाला? फार उकाडा होता म्हणून, असं वाचलं.

१९६६चा उन्हाळा कडक होता, लोकांना स्कावर नाचवेना, म्हणून गाणी संथ झाली, ही कथा सगळीकडे सापडते. ऐकायला छान आहे. पण जमैकात उकाडा काही त्या वर्षीच आला नव्हता.

जास्त पटणारी कारणं तीन. १९६५मध्ये स्कॅटलाइट्स हा स्काचा मुख्य वादकसंच फुटला. मोठा भोंगाताफा बाळगणं निर्मात्यांना परवडत नव्हतं, छोट्या संचात काम भागू लागलं. दुसरं, उभ्या डबल बासची जागा इलेक्ट्रिक बासने घेतली आणि तो आवाज साउंड सिस्टीमच्या, म्हणजे नाचाच्या रात्री रेकॉर्ड वाजवणाऱ्या फिरत्या संचांच्या, प्रचंड स्पीकरांतून अंगावर येऊ लागला. तिसरं, अमेरिकेतून येणारं सोल संगीत, विशेषतः इम्प्रेशन्ससारख्या संचांचं तिपदरी गाणं, किंग्स्टनच्या पोरांना फार आवडत होतं. तशी गुंफण स्काच्या धावपळीत ऐकूच येत नाही, तिला मोकळी जागा लागते.

५. मग पहिलं रॉकस्टेडी गाणं कोणतं? पॅरागॉन्सचं?

नाही. हॉप्टन लुइसचं ‘टेक इट ईझी’ (१९६६), ऑल्टन एलिसचं ‘गर्ल आय हॅव गॉट अ डेट’ (१९६६) आणि डेरिक मॉर्गनचं ‘टफर दॅन टफ’ हे नेहमीचे दावेदार. एलिसने १९६७मध्ये ‘रॉक स्टेडी’ याच नावाचं गाणं केलं. मला हा पहिल्या नंबरचा वाद निरर्थक वाटतो. सगळे एकाच शहरात, एकाच डझनभर वादकांना घेऊन गात होते, आज इथे सुचलेलं उद्या तिथे वाजत होतं. पॅरागॉन्सचं ‘हॅपी गो लकी गर्ल’ १९६६चं, म्हणजे पहिल्याच फळीतलं, एवढं पुरे.

६. ड्यूक रीडचा स्टुडिओ दारूच्या दुकानावर होता, हे खरं का?

अगदी खरं. ३३, बॉन्ड स्ट्रीट, किंग्स्टन. खाली ट्रेझर आयल लिकर्स हे दुकान, माडीवर लाकडी स्टुडिओ. आर्थर ‘ड्यूक’ रीड आधी पोलिसात होता. पत्नी लुसिल हिच्याबरोबर त्याने दुकान चालवायला घेतलं, गिऱ्हाईक खेचायला गाणी लावू लागला आणि १९५०च्या दशकात त्याची ‘ट्रोजन’ साउंड सिस्टीम शहरातल्या सर्वांत दणकट सिस्टीमपैकी एक झाली. ट्रोजन हे त्याच्या सामान वाहणाऱ्या ट्रकचं नाव. पुढे लंडनच्या ट्रोजन रेकॉर्ड्सने ते तिथूनच उचललं.

कमरेला पिस्तूल लावून तो स्टुडिओत वावरायचा आणि मर्जी झाली की हवेत बार काढायचा, हे तिथे काम केलेल्या अनेकांनी सांगितलं आहे. एवढा आडदांड माणूस, आणि त्याच्या माडीवर जमैकातली सर्वांत हळुवार प्रेमगीतं तयार झाली! त्याचा कान अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूजवर पोसलेला होता. आवाज स्वच्छ हवा, गुंफण बिनचूक हवी, बेसूर खपणार नाही, हा त्याचा खाक्या.

७. गाण्यांमागे वाजवत कोण होतं?

टॉमी मकूक अँड द सुपरसॉनिक्स, हा ट्रेझर आयलचा घरचा संच. मकूक सॅक्सोफोनवाला, पूर्वी स्कॅटलाइट्समध्ये. बासवर जॅकी जॅक्सन, ड्रमवर ह्यू माल्कम, ऑर्गनवर विन्स्टन राइट, पियानोवर बऱ्याचदा ग्लॅडस्टन अँडरसन.

एक नाव मात्र वेगळं काढून सांगायला हवं : गिटारवादक लिन टेट. हा जमैकाचा नव्हे, त्रिनिदादचा. १९६२च्या ऑगस्टमध्ये जमैकाच्या स्वातंत्र्यसोहळ्यासाठी एका संचाबरोबर आला आणि परतीचे पैसे न मिळाल्याने तिथेच राहिला. लहानपणी त्याचा हात स्टीलपॅनवर, म्हणजे तेलाच्या पिंपापासून बनवलेल्या त्रिनिदादी वाद्यावर, बसलेला होता. त्यामुळे त्याची गिटार खरडत नाही, बुडबुड्यांसारखी उकळते. कित्येकदा तो बासचीच ओळ वरच्या पट्टीत, तारा तळव्याने दाबून वाजवतो. एकच चाल खाली जाड आणि वर टिचकीसारखी, असा तो परिणाम. एकदा लक्षात आलं की शेकडो रेकॉर्डवर त्याचा हात ओळखू येतो. १९६८मध्ये तो कॅनडाला गेला आणि रॉकस्टेडीही त्याच सुमारास आटोपलं. याला निव्वळ योगायोग म्हणायला मन तयार होत नाही.

८. पॅरागॉन्स ऐकायला सुरुवात कुठून करावी?

या क्रमाने : ‘वेअर यू टू द बॉल’, ‘ऑन द बीच’, ‘द टाइड इज हाय’, ‘ओन्ली अ स्माइल’, ‘हॅपी गो लकी गर्ल’, ‘रायडिंग हाय ऑन अ विंडी डे’. मग १९६७चा ‘ऑन द बीच’ हा अल्बम. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे बास उडून जातो आणि ‘बरं आहे, गोड आहे’ एवढंच म्हणून माणूस पुढच्या गाण्याकडे वळतो. साधे हेडफोनही चालतील.

आणि माझं मत विचारलंच जातं म्हणून : ‘टाइड’ प्रसिद्ध आहे, पण ‘वेअर यू टू द बॉल’ मोठं आहे. मुलीला नाचाला घेऊन जायचं आश्वासन, बाकी गाण्यात काही घडत नाही. तरी होल्ट ज्या खात्रीने ते गातो आणि मागचे दोघं ज्या उशिराने, किंचित रेंगाळून त्याच्या ओळीला येऊन मिळतात, ते ऐकून मुलगी नाही म्हणणार नाही हे आपल्याला आधीच कळतं.

९. ‘द टाइड इज हाय’ हे ब्लाँडीचं गाणं आहे ना? की अ‍ॅटॉमिक किटनचं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. गाणं जॉन होल्टने लिहिलं आणि पॅरागॉन्सनी गायलं. ट्रेझर आयलच्या रेकॉर्डवर ते ‘ओन्ली अ स्माइल’च्या मागच्या बाजूला होतं, म्हणजे मुख्य गाणंसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या ब्लाँडी या बँडने १९८०मध्ये ते केलं आणि ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. २००२मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅटॉमिक किटनने त्यात एक नवा तुकडा जोडून पुन्हा ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. आपल्याकडे बहुतेकांनी टीव्हीच्या संगीतवाहिन्यांवर हेच रूप आधी ऐकलं, म्हणून गल्लत.

फरक ऐकण्यासारखा आहे. ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी एकटी गाते. तिच्या नायिकेचा तोरा ‘बघतेच कशी हार मानते ते’ असा आहे. मूळ गाण्यात पुरुष आहे, आणि तिथे दोघं मित्र शेजारी उभे आहेत. एकटा माणूस चिकाटीची भाषा बोलतो तेव्हा ती जिद्द वाटते, मागून दोघं सूर मिळवतात तेव्हा त्यात थोडी समजूत घालणंही येतं. मूळ गाण्यात सगळी लज्जत त्या समजुतीची आहे.

१०. मूळ ‘टाइड’मध्ये व्हायोलिन वाजतंय असं वाटतं. जमैकन गाण्यात व्हायोलिन?

बरोबर ऐकलंत. वादकाचं नाव ‘व्हाइट रम’ रेमंड असं नोंदलेलं आहे. दारूच्या दुकानावरच्या स्टुडिओला शोभणारं टोपणनाव! रॉकस्टेडीत व्हायोलिन अपवादानेच येतं. इथे ते गोडवा ओतायला नाही, गायकांच्या ओळींमधल्या फटींत थोडं खरखरीत, गावच्या जत्रेतलं वाटेल असं येऊन जातं. ब्लाँडीने त्याच जागी मोठा तंतुवाद्यांचा ताफा आणि भोंगे आणले. ते गुळगुळीत आहे, हे नाही.

११. ‘ऑन द बीच’मुळे डबचा जन्म झाला असं म्हणतात. ही काय भानगड?

याला थोडं सविस्तर उत्तर हवं, कारण माझ्या मते पॅरागॉन्सचं खरं महत्त्व इथे आहे.

साउंड सिस्टीमवाल्यांना दुसऱ्या कुणाकडे नसलेलं गाणं हवं असायचं. म्हणून ते स्टुडिओत जाऊन मऊ अ‍ॅसिटेटची एकच तबकडी कापून घेत. ती काही डझन वेळा वाजवली की झिजायची, पण तोवर काम झालेलं असे. स्पॅनिश टाउनचा रडी रेडवूड हा असाच एक सिस्टीमवाला, रीडच्या मर्जीतला. १९६७-६८च्या सुमारास त्याच्यासाठी ‘ऑन द बीच’ची तबकडी कापली जात असताना ध्वनितंत्रज्ञ बायरन स्मिथकडून गायकांचा आवाज लावायचा राहिला. तबकडीवर नुसती वाद्यं आली. रेडवूडने ती टाकून दिली नाही. नाचाच्या रात्री आधी गायकांसह गाणं वाजवलं आणि मग ही मुकी तबकडी लावली. जमलेल्या लोकांनी पॅरागॉन्सची जागा घेतली आणि अख्खं गाणं स्वतःच म्हटलं.

दंतकथेचा थोडा रंग यावर चढला असेल. चूक होती की मुद्दाम केलं, तिथे कोण कोण हजर होतं, यावर सांगणाऱ्यागणिक फरक पडतो. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला नवं गाणं देण्याऐवजी त्याच गाण्याची आवाजाविना ‘व्हर्जन’ द्यायची पद्धत पडली. निर्मात्याचे पैसेही वाचले. त्या मागच्या बाजूवर किंग टबी या ध्वनितंत्रज्ञाने पुढे मिक्सिंगच्या खटक्यांनी जे प्रयोग केले ते डब. म्हणजे ‘ऑन द बीच’ डब नव्हे, डबच्या वाटेवरची पहिली पायरी.

हे घडू शकलं याला एक साधं तांत्रिक कारण आहे. आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर होती. सगळं एकाच ट्रॅकवर असतं तर आवाज बाजूला काढताच आला नसता. आणि एक सांगीतिक कारण : आवाज काढल्यावरही तिथे ऐकण्यासारखं गाणं उरलं. स्कामधून गायक काढा, भोंगे मोकळी जागा भरून टाकतात. इथे बास स्वतःचं वाक्य म्हणत राहतो आणि माणसांना शिरायला जागा ठेवतो.

१२. ‘वेअर यू टू द बॉल’मध्ये कुणीतरी मध्येमध्ये ओरडतोय. माझी प्रत खराब आहे का?

प्रत चांगली आहे. तुमच्याकडे यू-रॉयची १९७०ची आवृत्ती आहे. तो किंग टबीच्या सिस्टीमवर माइक घेऊन रेकॉर्डवर बोलणारा डीजे. त्याला अशा एका रात्री ऐकून ‘याला स्टुडिओत घ्या’ असं ड्यूक रीडला सांगणारा माणूस जॉन होल्टच. स्वतःच्या गाण्यावर दुसऱ्याने बडबड करावी अशी शिफारस करणारा गायक विरळा.

रीडने जुन्या टेप काढल्या, गायकांचा आवाज जागोजागी खाली घेतला आणि यू-रॉयला मोकळं सोडलं. होल्ट एक ओळ गातो, यू-रॉय तिला उत्तर देतो, टर उडवतो, कौतुक करतो. या प्रकारची त्याची तीन गाणी एकाच वेळी जमैकाच्या यादीत पहिल्या तीन जागांवर होती : एक ऑल्टन एलिसच्या गाण्यावर, एक टेक्निक्स या संचाच्या आणि हे तिसरं. जमैकन साउंड सिस्टीमची ही रीत पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जमैकातून आलेल्या कूल हर्क या डीजेने नेली, हे हिप-हॉप ऐकणाऱ्यांना माहीत असतंच.

गायकांचा आवाज खाली न घेतलेली मूळ १९६७ची रेकॉर्ड हवी असेल तर फक्त पॅरागॉन्सचं नाव असलेली शोधा.

१३. ही गाणी अमेरिकन गाण्यांची नक्कल आहेत का?

काही उचललेली आहेत. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. टेक्निक्सचं ‘क्वीन मॅजेस्टी’ इम्प्रेशन्सच्या गाण्यावरून आलं. पॅरागॉन्सनी ‘आयलंड इन द सन’सारखं, हॅरी बेलाफाँटे या गायकामुळे जगभर गेलेलं गाणंही गायलं, पर्यटकांच्या हॉटेलांत चालणारं. तिथे ते मला जरा कंटाळवाणे वाटतात. वर प्रश्न ८मध्ये दिलेली गाणी मात्र त्यांची स्वतःची, बहुतेक होल्टने लिहिलेली.

१४. सगळी प्रेमगीतंच का? तेव्हा किंग्स्टनमध्ये तर दंगे चालू होते.

होते. पश्चिम किंग्स्टनमध्ये १९६६च्या ऑक्टोबरमध्ये आणीबाणी लागली होती. ‘रूड बॉय’ म्हणवणाऱ्या गुंड पोरांवर गाणी निघत होती, त्यांच्या बाजूनेही आणि त्यांना दटावणारीही. ते सगळं रॉकस्टेडीच. रीडच्या माडीवर मात्र प्रेमगीतांना जास्त मान होता. एक माजी पोलीस, त्यात दुकानदार, त्याला खाली गर्दी हवी होती पण राडा नको होता.

पॅरागॉन्सचं एक गाणं मात्र या चौकटीत बसत नाही : १९६८चं ‘मॅन नेक्स्ट डोअर’. शेजारचा माणूस रात्री उशिरा येतो, दार बडवतो, आरडाओरडा करतो; सांगणाऱ्याला शांत जागा हवी आहे, बाकी काही नाही. दाटीवाटीच्या वस्तीत राहिलेल्या कुणालाही ते लगेच कळेल. चाल हळुवारच आहे, म्हणून जास्त टोचतं. स्लिट्स या लंडनच्या पंक संचाने १९८०मध्ये आणि मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश संचाने १९९८मध्ये, जमैकन गायक होरेस अँडीच्या आवाजात, ते पुन्हा केलं.

१५. त्याच काळात बॉब मार्ली काय करत होता?

तोही वेलर्स या त्रिकुटातच गात होता. १९६६चा बराचसा काळ तो अमेरिकेत डेलावेअरला नोकरी करत होता, म्हणजे रॉकस्टेडी रुजत असताना नेमका बाहेर. परतल्यावर वेलर्सनी स्वतःचं लेबल काढलं आणि ‘बेंड डाउन लो’, ‘नाइस टाइम’ अशी सुरेख रॉकस्टेडी गाणी केली. त्या वेळी गावात पॅरागॉन्सचं नाव त्यांच्यापेक्षा लहान मुळीच नव्हतं.

१६. गावसकरांवरचं ते वेस्ट इंडीजचं गाणं याच प्रकारातलं का?

नाही, ते कॅलिप्सो, आणि गायक लॉर्ड रिलेटर त्रिनिदादचा. किंग्स्टनपासून त्रिनिदाद समुद्रावरून सुमारे १,८०० किलोमीटर दूर, संगीताची परंपराही वेगळी. कॅलिप्सोत शब्दांना, कोपरखळ्यांना महत्त्व, रॉकस्टेडीत ठेक्याला आणि सुरांच्या गुंफणीला. दोन्हींना जोडणारा माणूस हवा असेल तर लिन टेट (प्रश्न ७). ते गाणं ज्यावरून आलं त्या भारताच्या १९७१च्या दौऱ्यातली किंग्स्टनची कसोटी, ज्यात दिलीप सरदेसाईंनी २१२ काढल्या आणि वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला, त्यात गावसकर खेळले नव्हते. तोवर किंग्स्टनमध्ये रॉकस्टेडीही जुनं झालं होतं, हवा यू-रॉयची होती.

१७. स्टुडिओ वनमधली पॅरागॉन्सची गाणी रॉकस्टेडीत धरायची का?

बहुतेक नाहीत. रीडकडे येण्याआधी, १९६४-६५मध्ये, बॉब अँडी संचात असताना त्यांनी कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनसाठी ‘गुड लक अँड गुडबाय’सारखी गाणी केली. ती स्काच्या काळातली, अमेरिकन धाटणीची. संग्रहांवर मात्र विक्रीसाठी सरसकट ‘रॉकस्टेडी’ असा शिक्का मारलेला असतो. गंमत अशी, की बाहेर पडलेला बॉब अँडी डॉडकडेच थांबला आणि तिथे एकट्याने जी रॉकस्टेडी गाणी केली, ‘आय हॅव गॉट टू गो बॅक होम’ वगैरे, ती पॅरागॉन्सच्या तोडीची आहेत. त्याने संच सोडला हे ऐकणाऱ्यांच्या पथ्यावरच पडलं.

१८. एकाच गाण्याला कुठे १९६६, कुठे १९६७, आणि लेबलंही वेगवेगळी. खरं कोणतं?

बऱ्याचदा दोन्ही. गाणं आधी एका तबकडीवर सिस्टीमवर फिरायचं (प्रश्न ११). चाललं तर कोऱ्या लेबलाच्या थोड्या प्रती निघायच्या, मग ट्रेझर आयलचं छापील लेबल, मग काही महिन्यांनी लंडनमध्ये डॉक्टर बर्ड किंवा ट्रेझर आयलच्या ब्रिटिश लेबलवर. यातली कोणती तारीख धरायची हे लिहिणारा ठरवतो. कागदपत्रं नीट ठेवायची पद्धत नव्हती. लंडनच्या प्रतींवर गायकाचं नाव चुकणं, दोन्ही बाजूंची नावं उलटी छापणं हेही सर्रास. जुनी प्रत विकत घेत असाल तर लेबलावर विश्वास ठेवण्याआधी सुई टेकवून बघा.

१९. एवढी गाणी गाजली, मग पैसे मिळाले का? आणि संच फुटला का?

गायकांना साधारण एकरकमी मानधन मिळायचं, पुढची विक्री निर्मात्याची. जमैकात स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा १९९३मध्ये आला, तोवर १९११च्या ब्रिटिश कायद्यावर काम चालायचं, आणि तेही कागदावर. तिघांनी १९७०च्या सुमारास संच मोडला. इव्हान्स आणि बॅरेट अमेरिकेकडे वळले. होल्ट एकटा गात राहिला आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमध्येही मोठा झाला, ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ तिथे पहिल्या दहात होतं. त्याचा मृत्यू २०१४मध्ये लंडनमध्ये झाला.

२०. १९८१ची स्लाय अँड रॉबीबरोबरची रेकॉर्ड घ्यावी का?

ब्लाँडीच्या यशानंतर पॅरागॉन्स पुन्हा एकत्र आले आणि आयलंड या रेकॉर्ड कंपनीसाठी जुनी-नवी गाणी गायली, मागे स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर. ड्रम आणि बास उत्तम, आवाज अजून शाबूत. पण ते १९८०च्या दशकातलं रेगे आहे, प्रश्न ३मधल्या खुणा तिथे शोधू नका. आधी ‘ऑन द बीच’ घ्या. पैसे उरले तर ही नको, त्याऐवजी टेक्निक्स, मेलोडियन्स किंवा फिलिस डिलन यांची ट्रेझर आयलमधली गाणी घ्या. वादक तेच, माडी तीच.